वजनाचं पठार

धाराशिव जिल्ह्यातल्या मुलांना पठार म्हणजे काय हे नकाशावरून सांगावं लागत नाही. जिल्ह्याचा बराचसा भाग बालाघाटच्या पठारावरच वसलेला आहे. सोलापूरकडून तुळजापूरला येताना घाट संपतो आणि गाडी सपाटीला लागते, हा अनुभव सगळ्यांच्या ओळखीचा आहे. या लेखातलं पठार मात्र घाट उतरल्यावर लागतं. ते जमिनीवर दिसत नाही, आलेखाच्या कागदावर दिसतं.

अतिस्थूल माणसांचं वजन कमी करण्यासाठी जठरावर आणि आतड्यावर शस्त्रक्रिया करतात. तिला बॅरिअॅट्रिक शस्त्रक्रिया म्हणतात. ग्रीक भाषेत ‘बॅरोस’ म्हणजे वजन, भार. हवेचा दाब मोजणाऱ्या बॅरोमीटरमधला ‘बॅरो’ तोच. शस्त्रक्रियेनंतर पहिले काही महिने वजन झपाट्याने उतरतं. आडव्या अक्षावर महिने आणि उभ्या अक्षावर किलो घेऊन आलेख काढला तर रेषा घाटासारखी खाली येते. मग उतार मंदावतो आणि एके दिवशी रेषा आडवी होते. खाणं पूर्वीच्या निम्म्याहून कमी असूनही काटा जागचा हलत नाही. यालाच वजनाचं पठार म्हणतात.

हा क्षण नाजूक असतो. शस्त्रक्रिया मोठ्या शहरातल्या रुग्णालयात झालेली असते, पैसाही बराच लागलेला असतो. पुढची सगळी वर्षं मात्र आपल्या गावात, आपल्या माणसांत काढायची असतात. वजन थांबलं की घरचे-दारचे म्हणू लागतात, “चोरून खात असणार” किंवा “पैसे पाण्यात गेले.” माणूस खचतो. मग कुणी एक वेळचं जेवण तोडतं, कुणी नुसत्या काकडीवर राहतं, कुणी लाजेने डॉक्टरांकडे जायचंच सोडतं आणि त्याबरोबर गोळ्याही सुटतात. यातून नुकसान होतं, आणि तेही न दिसणारं. म्हणून हे पठार का येतं ते नीट समजून घ्यायला हवं. त्यासाठी लागणारं गणित आणि जीवशास्त्र दहावीच्या पलीकडचं नाही.

शस्त्रक्रियेत काय करतात?

आपलं जठर ताणलं गेलं की त्यात एक ते दीड लिटर अन्न मावतं. ‘स्लीव्ह’ नावाच्या शस्त्रक्रियेत जठराचा सुमारे तीन चतुर्थांश किंवा त्याहून थोडा जास्त भाग कापून काढतात. उरतं ते केळ्याच्या आकाराचं अरुंद नळकांडं. ‘बायपास’ नावाच्या दुसऱ्या प्रकारात जठराच्या वरच्या टोकाची एक छोटीशी पिशवी वेगळी करतात आणि ती लहान आतड्याला थोडं पुढे नेऊन जोडतात. अन्न उरलेल्या जठराला आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागाला वळसा घालून जातं.

पिशवी लहान झाली म्हणून माणूस कमी खातो, इतकंच यात घडत नाही. जठराच्या वरच्या फुगीर भागातून ‘घ्रेलिन’ नावाचं, भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारं संप्रेरक स्रवतं. जपानमधल्या कोजिमा आणि कंगावा या संशोधकांनी ते १९९९ साली शोधलं. स्लीव्ह शस्त्रक्रियेत नेमका हाच भाग काढला जातो, त्यामुळे घ्रेलिन घटतं. शिवाय अन्न आतड्यात लवकर पोचू लागल्याने ‘पोट भरलं’ असं सांगणारी आतड्यातली संप्रेरकं वाढतात. म्हणून शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला थोडं खाऊनही तृप्ती वाटते. निव्वळ मनाच्या निर्धाराने उपाशी राहणाऱ्या माणसाला ही सोय नसते.

आता प्रश्न असा, की आवक एवढी घटली असताना वजन कायमच का उतरत राहत नाही?

पाझर तलावाचं उदाहरण

१९७२ च्या दुष्काळात मराठवाड्यात कामं काढली गेली, त्यांत रस्त्यांबरोबर पाझर तलावही होते. असा एखादा तलाव डोळ्यांसमोर आणू. वरच्या अंगाने एक ओढा त्यात पाणी आणतो. तलावातून पाणी दोन वाटांनी जातं: काही जमिनीत मुरतं, काही वाफ होऊन उडतं. दोन्ही गोष्टी तलाव किती पसरला आहे यावर अवलंबून असतात. तलाव भरलेला असेल तर पाण्याचा पृष्ठभाग मोठा, म्हणून वाफही जास्त आणि मुरणंही जास्त.

समजा ओढ्याचं पाणी एकदम निम्म्यावर आलं आणि तेवढंच राहिलं. तलावाची पातळी उतरू लागेल. पण पातळी उतरली की पसारा आवळेल, पसारा आवळला की वाफ आणि मुरणं कमी होईल. होता होता अशी वेळ येईल, की जाणारं पाणी येणाऱ्या पाण्याइतकंच होईल. तिथे पातळी थांबेल. ओढा आटला असं म्हणता येणार नाही, तलावाला कुणी जादूटोणा केला असंही नाही. आवक आणि जावक यांची तोंडमिळवणी झाली, एवढंच.

शरीराचं तसंच आहे. शरीर जेवढं मोठं तेवढा त्याला चालवायचा खर्च जास्त. एकशेवीस किलोच्या माणसाच्या हृदयाला, फुप्फुसांना, स्नायूंना अहोरात्र जास्त काम पडतं. जिना चढताना तो एकशेवीस किलो वर नेत असतो. तोच माणूस ऐंशी किलोचा झाला की चाळीस किलोंचं ओझं उतरलेलं असतं आणि त्या ओझ्यावर खर्च होणारी ऊर्जाही वाचते.

वर्गात करण्याजोगं गणित

हे आकड्यांत पाहू. रोजच्या बोलण्यात आपण कॅलरी म्हणतो ती खरं तर किलोकॅलरी असते, आपणही इथे कॅलरीच म्हणू. ढोबळ हिशेबासाठी धरून चालू, की माणसाचा दिवसाचा खर्च दर किलो वजनामागे २२ कॅलरी आहे. शरीरातली एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरींचा साठा.

समजा एका माणसाचं वजन १२० किलो आहे. त्याचा रोजचा खर्च १२० × २२ = २६४० कॅलरी. शस्त्रक्रियेनंतर तो रोज १५४० कॅलरी खातो. रोजची तूट ११०० कॅलरी, महिन्याची ३३०००. याला ७७०० ने भागलं तर पहिल्या महिन्यात सुमारे ४.३ किलो वजन उतरेल. दुसऱ्या महिन्यात खर्च १२० ऐवजी ११५.७ किलोवर काढायचा. असं दर महिन्याला करत गेलं तर उत्तरं अशी येतात:

सुरुवातीला १२० किलो
६ महिन्यांनी सुमारे ९९ किलो
१२ महिन्यांनी सुमारे ८७ किलो
१८ महिन्यांनी सुमारे ८० किलो
२४ महिन्यांनी सुमारे ७६ किलो
३६ महिन्यांनी सुमारे ७२ किलो

खाणं एका कॅलरीनेही बदललेलं नाही, तरी पहिल्या सहा महिन्यांत २१ किलो उतरले आणि चौथ्या सहामाहीत जेमतेम चार. हा आकडा ७० च्या जवळ जवळ जात राहील, कारण ७० × २२ = १५४०. म्हणजे पठार कुठे लागणार हे पहिल्याच दिवशी ठरलेलं होतं. विद्यार्थ्यांना हा आलेख काढायला सांगा. चक्रवाढ व्याजाचं गणित उलटं चालवलं तर जी वक्ररेषा मिळते, तीच इथे मिळते.

प्रत्यक्षात गोष्टी थोड्या वेगळ्या घडतात. सुरुवातीच्या आठवड्यांत माणूस याहून खूपच कमी खातो, म्हणून उतार जास्त तीव्र असतो. पुढे खाणं हळूहळू वाढतं आणि सपाटी लवकर येते, बहुधा बारा ते अठरा महिन्यांच्या सुमाराला. शिवाय दोन किलोंच्या आतबाहेरची चढउतार रोजच होत असते. खारट खाल्लं, बद्धकोष्ठ झालं, पाळी जवळ आली की शरीरात पाणी साठतं. महिन्याला अर्धा किलो चरबी जात असेल तर ती या चढउतारात दिसणारच नाही. काटा थांबलेला वाटेल, आत काम चालूच असेल. म्हणून रोज वजन करू नये. आठवड्यातून एकदा, ठरावीक वारी, सकाळी उठल्यावर, त्याच काट्यावर करावं आणि महिन्याची सरासरी पाहावी.

तिसऱ्या आठवड्यातला खोटा थांबा

बऱ्याच जणांना पहिला धक्का फार लवकर, शस्त्रक्रियेनंतर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातच बसतो. चार-पाच दिवस, कधी दोन आठवडे वजन हलत नाही. हे खरं पठार नव्हे.

आपल्या यकृतात आणि स्नायूंत ग्लायकोजेन नावाचा पिष्टाचा साठा असतो. प्रौढ माणसात तो साधारण अर्धा किलो भरतो. दर ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी बांधलेलं असतं. उपासमार सुरू झाली की शरीर आधी हा हाताशी असलेला साठा मोडतं आणि त्याबरोबरचं पाणी लघवीवाटे निघून जातं. म्हणून पहिल्या आठवड्यात वजन धडाधड उतरतं. त्यातले दोनेक किलो निव्वळ ग्लायकोजेन आणि पाणी असतं. पुढे माणूस पातळ पदार्थांवरून मऊ अन्नावर येतो, साठा थोडा भरतो, पाणी परत धरलं जातं. चरबी उतरतच असते, पण आत आलेलं पाणी काट्यावर ती घट झाकून टाकतं. या थांब्यावर उपाय एकच, थोडा धीर धरायचा.

दुष्काळात घर कसं चालतं?

पाझर तलावाचं उदाहरण इथवर पुरतं. पण शरीर तलावापेक्षा हुशार आहे. तलाव लहान झाला म्हणून वाफ कमी होते, तो मुद्दाम काही वाचवत नाही. शरीर मात्र वाचवतं.

१९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसं अजून गावोगाव आहेत. परदेशातून आलेली लाल मिलो, कामावर मिळणारी सुकडी त्यांना आठवते. (त्या वेळी लातूरही याच जिल्ह्यात होतं, तो जिल्हा १९८२ मध्ये वेगळा झाला.) अशा वर्षी घर कसं चालवलं, हे त्यांना विचारा. कणगीतलं धान्य संपायच्या कितीतरी आधी घर खर्च आवरू लागतं. सणवार साधे होतात, लग्नं पुढे ढकलली जातात, दिव्यातलं तेल जपून वापरलं जातं. शरीरही याच वाटेने जातं.

याचा सर्वांत सखोल अभ्यास अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अॅन्सेल कीज यांनी नोव्हेंबर १९४४ ते डिसेंबर १९४५ या काळात केला. महायुद्धाने उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा कसं जेवू घालावं हे समजून घेण्यासाठी ३६ निरोगी तरुण स्वेच्छेने पुढे आले. चोवीस आठवडे त्यांना रोज सरासरी १५७० कॅलरींच्या जवळपास, म्हणजे आधीच्या निम्मंच अन्न दिलं. त्यांचं वजन सुमारे पावपट उतरलं. पण विश्रांतीच्या अवस्थेतला त्यांचा ऊर्जाखर्च त्याहून जास्त, जवळजवळ ४० टक्क्यांनी घटला. नाडी मंद झाली, उन्हाळ्यातही थंडी वाजू लागली, हालचाली आपोआप कमी झाल्या. डोक्यात सतत अन्नाचेच विचार असत.

१९९५ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात रुडॉल्फ लायबेल आणि सहकाऱ्यांनी हेच जास्त काटेकोरपणे मोजलं. वजन दहा टक्के उतरल्यावर माणसाचा खर्च, शरीर लहान झाल्यामुळे जेवढा घटायला हवा त्याहूनही जास्त घटतो, असं त्यांना आढळलं. स्थूल आणि सडपातळ दोन्ही गटांत तेच दिसलं.

शरीराला हे कळतं कसं? त्याच विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने १९९४ मध्ये ‘लेप्टिन’ या संप्रेरकाचा शोध लावला. लेप्टिन चरबीच्या पेशींतूनच स्रवतं. ते मेंदूला साठा किती आहे याची बातमी देत राहतं. चरबी घटली की लेप्टिन घटतं आणि मेंदू दुष्काळ जाहीर करतो. थायरॉइडच्या क्रियाशील संप्रेरकाचं प्रमाण थोडं खाली येतं, हातापायांची नकळत होणारी चुळबुळ कमी होते, स्नायू तेच काम थोड्या ऊर्जेत करू लागतात. घरात धान्य भरलेलं आहे आणि ही तूट आपण मुद्दाम आणली आहे, हे मेंदूला ठाऊक नसतं.

शस्त्रक्रियेने भुकेची संप्रेरकं बदलल्यामुळे दुष्काळाची हाकाटी पुष्कळ मंदावते. पण ती पूर्ण बंद होत नाही. पठार यायचंच. वजन उतरवणाऱ्या नव्या इंजेक्शनांचंही असंच आहे. सेमाग्लुटाइडच्या मोठ्या चाचणीत ६८ आठवड्यांत सरासरी सुमारे १५ टक्के वजन उतरलं आणि शेवटच्या आठवड्यांत तीही रेषा आडवी झाली.

आता जेवण तोडण्यातली चूक लक्षात येईल. पठारावर आल्यावर आणखी उपाशी राहणं म्हणजे दुष्काळ जाहीर झालेल्या घरात उरलेलं धान्यही बाहेर काढणं. घर आणखी आवळून घेतं. आणि या वेळी ते बैलही विकायला काढतं.

बैल विकू नका

हे बैल म्हणजे स्नायू. उपासमारीत शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडतं, कारण प्रथिनं साठवायला त्याच्याकडे वेगळी कणगी नाही. स्नायू गेले की ताकद जाते आणि विश्रांतीतला खर्चही घटतो, म्हणजे पठार अलीकडेच लागतं. काट्याला यातला फरक कळत नाही. एक किलो स्नायू गेला काय आणि एक किलो चरबी गेली काय, आकडा तोच.

आपल्याकडे ही गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवती माता आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. ही बाळं इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा बरीच हलकी होती. पण त्यांच्यात स्नायू जितके कमी होते तितकी चरबी कमी नव्हती. २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात डॉ. याज्ञिक यांचं आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांचं शेजारी शेजारी उभं राहिलेलं छायाचित्र प्रसिद्ध झालं. दोघांचा बॉडी मास इंडेक्स, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, सारखाच होता: २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के!

थोडक्यात, आपल्यात स्नायूंची पुंजी आधीच कमी असण्याची शक्यता मोठी. म्हणून पठारावर आलेल्या माणसाने काट्याबरोबर शिंप्याची टेपही वापरावी. वजन तेच राहून कमरेचा घेर दोन सेंटिमीटरने घटला असेल तर चरबी गेली आहे. भारतीयांसाठी घेराची सुरक्षित मर्यादा पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर मानतात.

ताटात काय असावं?

शस्त्रक्रियेनंतर रोज किमान ६० ग्रॅम प्रथिनं मिळावीत असं डॉक्टर सांगतात. पोटात जागा मूठभर, म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी प्रथिनं, मग भाजी, शेवटी जागा उरली तर भाकरी. आपल्या सवयीच्या हा अगदी उलट क्रम आहे. आपण भाकरी हे जेवण मानतो आणि बाकीचं तोंडी लावणं.

एका अंड्यात साधारण ६ ग्रॅम प्रथिनं असतात, पाव लिटर दुधात ८, तीस ग्रॅम कोरड्या डाळीत सहा-सात, शंभर ग्रॅम शिजलेल्या कोंबडीत २५ च्या आसपास. जिल्ह्यात सोयाबीन शेतोशेत दिसतं, पण ताटात क्वचित येतं. तीस ग्रॅम सोयावडीत सुमारे १५ ग्रॅम प्रथिनं असतात. शेंगदाण्यातही प्रथिनं चांगली, मात्र त्यात तेल भरपूर असल्याने मूठभरच घ्यावेत.

दुसरी गोष्ट मऊ आणि गोड पदार्थांची. लहान झालेलं जठर भाकरीला अडवतं, पण वितळणाऱ्या पदार्थाला अडवू शकत नाही. कुंथलगिरीचा पेढा, भूमकडचा खवा, गुलाबजाम, सरबत, आइस्क्रीम ही मंडळी अरुंद नळीतून सरळ खाली उतरतात आणि पोट भरल्याची जाणीवही होत नाही. पंचवीस ग्रॅमचा एक पेढा म्हणजे सुमारे १०० कॅलरी. वरच्या गणितात रोजच्या १५४० मध्ये हे १०० मिळवा. १६४० ला २२ ने भागलं तर पठार ७० ऐवजी साडेचौऱ्याहत्तर किलोवर येतं. कपामागे ५५ कॅलरी धरून दिवसाला चार कप गोड चहा वाढला तर तेच पठार ८० वर! इथे कुणाचा दोष काढायचा नाही. दोन-तीन दिवस खाल्लंप्यालेलं सगळं वहीत लिहून काढलं तर गळती बहुधा आपोआप सापडते.

तिसरी गोष्ट उपवासाची. नवरात्रात तुळजापूरच्या परिसरात घरोघर उपवास असतात. साबुदाणा म्हणजे जवळजवळ शुद्ध पिष्ट, त्यात प्रथिनं नावालाच. शस्त्रक्रिया झालेल्या माणसाने नऊ दिवसांचे उपवास डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नयेत. धरलेच तर दूध, दही, ताक यांचा आधार ठेवावा.

पाण्याचंही असंच. लहान जठराच्या माणसाला तांब्याभर पाणी एका दमात पिता येत नाही. जेवणाबरोबर पाणी न घेता, अर्ध्या तासाच्या अंतराने, दिवसभर घोट घोट प्यावं लागतं. मे महिन्यात शेतावर किंवा एस.टी.च्या प्रवासात बाटली जवळ असणं ही चैन नाही, गरज आहे.

आणि एक गोष्ट घराने करायची आहे. आपल्याकडे घरची बाई सर्वांत शेवटी जेवते, आणि उरतं ते भाकरी आणि रस्सा. शस्त्रक्रिया जर तिची झाली असेल तर अंडं, डाळ, दही तिच्या वाटणीचं आधी बाजूला काढलं पाहिजे. घर बदललं नाही तर तिच्या एकटीच्या निश्चयाने हे साधत नाही.

व्यायाम दोन प्रकारचा हवा. पाऊण तास चालण्याने सव्वाशेच्या आसपास जास्तीच्या कॅलरी खर्च होतात, त्या रोजच्या हिशेबात मोलाच्या आहेत. पण स्नायू टिकवायचे तर त्यांना ताण द्यायला हवा: खुर्चीवरून हात न टेकता वीस वेळा उठणं, भिंतीला हात लावून जोर काढणं, वाळूने भरलेल्या बाटल्या उचलणं. आठवड्यातून दोन-तीनदा एवढं पुरतं.

डॉक्टरांकडे कधी जायचं?

प्रत्येक थांबा निरुपद्रवी असतो असं नाही. वारंवार उलट्या होणं, घास अडकणं, चक्कर येणं, हातापायांना मुंग्या येणं, किंवा उतरलेलं वजन भराभर परत चढू लागणं, असं काही असेल तर थांबू नये. उलट्या होत राहिल्या तर बी-१ जीवनसत्त्वाची कमतरता होऊन मज्जासंस्थेला इजा होऊ शकते. थायरॉइडचा विकार, स्टेरॉइड किंवा मानसिक आजारावरची काही औषधं यांमुळेही वजन अडतं. दारू या माणसांना लवकर आणि जास्त चढते, शिवाय तिच्या कॅलरी वेगळ्याच. ज्यांची शस्त्रक्रिया झाली आहे अशा स्त्रियांनी पहिले बारा ते अठरा महिने गर्भधारणा टाळावी असा सल्ला देतात.

वजन थांबलं म्हणून गोळ्या मात्र कधीच थांबवायच्या नाहीत. बी-१२, लोह, कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व यांची पुरवणी या माणसांना जन्मभर लागते. ती सुटली की दोन-तीन वर्षांनी रक्तक्षय, ठिसूळ हाडं अशा रूपाने परिणाम दिसतात. वर्षातून एकदा रक्ततपासणी करावीच.

पठार किती उंचीवर?

स्वीडनमध्ये १९८७ साली एक दीर्घ अभ्यास सुरू झाला. शस्त्रक्रिया केलेल्या २०१० आणि न केलेल्या २०३७ स्थूल माणसांची वर्षानुवर्षं पाहणी केली गेली. बायपास झालेल्यांचं वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्क्यांपर्यंत उतरलं. दहा वर्षांनी ही घट २५ टक्क्यांवर स्थिरावली. म्हणजे उतार, मग सपाटी, मग छोटीशी चढण, आणि पुन्हा सपाटी. १२० किलोच्या माणसाचा हिशेब केला तर तो ८२ च्या जवळ जाऊन दहा वर्षांनी ९० वर राहतो. ७० वर पोचण्याची आस धरली असेल तर हे अपयश वाटेल. पण याच अभ्यासात शस्त्रक्रिया झालेल्या गटाचा मृत्यूचा धोका, वय वगैरे गोष्टी जमेस धरल्यावर, २९ टक्क्यांनी कमी आढळला. हा फायदा ज्यांना मिळाला ती माणसं सडपातळ झालेली नव्हती. ती आपापल्या पठारावरच राहत होती.

२०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या सुमारे २४ टक्के स्त्रिया आणि २३ टक्के पुरुषांचा बॉडी मास इंडेक्स २५ किंवा त्याहून जास्त आढळला. त्यांतल्या फार थोड्यांना शस्त्रक्रिया लागेल, पण वजन उतरवण्याचा प्रयत्न करणारे आणि मध्येच अडणारे पुष्कळ असतील. त्यांत आपल्या शिक्षक-कक्षातले सहकारी असतील, पालक असतील, वर्गातली जाड म्हणून चिडवली जाणारी मुलंही असतील. अशा माणसाला “आता किती उतरलं?” असं विचारण्याने त्याचा फायदा होत नाही. त्याऐवजी जिना चढताना दम लागतो का, मधुमेहाच्या किती गोळ्या सुटल्या, या वर्षीची रक्ततपासणी झाली का, हे विचारावं. या प्रश्नांची उत्तरं चांगली येत असतील, तर थांबलेल्या काट्याची काळजी करायचं कारण नाही.